पट्टे थांबेनात

पट्टे थांबेनात आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चार वाजता वेधशाळेची माणसं स्क्रीनवर येणार होती. त्यांच्यासमोर पट्टे दहा मिनिटं स्थिर राहिले नाहीत, तर हे काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

काम सांगायला सोपं. लांब लांब ठेवलेल्या दोन दुर्बिणींनी एकाच ताऱ्याचा प्रकाश धरायचा आणि एकत्र आणायचा. दोन्ही प्रकाशांच्या वाटा अगदी सारख्या लांबीच्या असल्या, तर काळे-उजळ पट्टे उमटतात. त्यांच्यावरून ताऱ्याची रुंदी काढता येते. त्या वाटा सारख्या करणारी आरशाची गाडी मी आणि यज्ञेश लोधिवलीच्या शेडमध्ये बनवत होतो. ताऱ्याच्या जागी सध्या एक दिवा होता. केसाच्या शंभराव्या भागाइतकं काही सरकलं, की पट्टे गायब.

पहिला संशय हायवेच्या ट्रकांवर, दुसरा शेजारच्या भातगिरणीवर. "ऋजुता, टेबलाखाली वाळू आहे, रबर आहे. गिरणीचं इथं काही पोचत नाही," यज्ञेश म्हणाला. मी ऐकते कशाची! तरातरा गिरणीवाल्या सहदेवदादांकडे गेले आणि तासभर बंद ठेवा म्हटलं.

"लायटीचा भरवसा नाय, ताई. मानसं खोळंबलीत." पण त्यांनी गिरणी थांबवली.

परत आले तर पट्टे थरथरतच होते. टेबलाच्या या टोकाला वाकून पाहिलं, त्या टोकाला पाहिलं, पुन्हा या टोकाला. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी लागलीय.

"तू जरा बाहेर जा," यज्ञेश म्हणाला.

"मी?"

"तू फिरतेस तेव्हाच जातात पट्टे. तुझ्या येरझाऱ्यांनी हवा हलते. जा."

असा राग आला! गाडीचा स्क्रू न् स्क्रू माझ्या हातचा होता. तरी गेले आणि गिरणीच्या दारात, भात कांडायला आलेल्या इंदूबाईंच्या पोत्यावर बसले. तिथंही पाय हलतच होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "गप बस की गं जरा."

तेवढ्यात सहदेवदादांचा धीर सुटला. त्यांनी गिरणी चालू केली आणि पोतं थरथरायला लागलं. आता संपलंच, म्हणून मी उठले, तर फोन वाजला.

"थांबलेत," यज्ञेश कुजबुजला. "वेधशाळेची माणसं बघतायत."

"अरे, गिरणी चालू झालीय."

"असू दे. तू तिथंच थांब."

एवढे दिवस ज्याची वाट पाहिली, ते त्या भिंतीपलीकडे चाललं होतं आणि मी गेले की मोडणार होतं. आनंद झाला, जळफळाटही झाला. डोळे भरून आले.

"काय झालं गं?" इंदूबाईंनी विचारलं.

"काम झालं," मी म्हटलं, आणि पोतं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिले.