बीपी नसलेल्या बाईची बीपीची गोळी

भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना वारा फिरला आणि आयची नायलॉनची साडी पेटली. पाठ आणि दोन्ही हात भाजले. मुंबईच्या इस्पितळात दोन महिने काढून आय, म्हणजे बयाबाई, पोलादपूरच्या वरच्या आमच्या धनगरवाड्यात परतली. तोवर कातडी बरीच भरली होती. छाती मात्र अजून पळत होती. पडल्या जागी मिनिटाला एकशे तीस ठोके.

महाडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि समजावलं, "भाजल्यावर अंगात घाबरल्याचा रस सुटतो. तो हृदयाच्या पेशींच्या कड्या वाजवत राहतो, पळ, पळ. आग विझली हे त्याला महिनोन्महिने कळत नाही. ही गोळी कडीवर हात धरून ठेवते. एकही दिवस चुकवू नका, हृदय थकेल."

"पन ही बीपीचीच ना?" बाने, म्हणजे रायबाने, विचारलं.

"बीपीलाही देतात. यांना त्यासाठी नाही."

बाने फक्त पहिलं वाक्य घरी आणलं.

आमच्या वाड्यात औषध माणसाचं नसतं, दुखण्याचं असतं. जो खाली उतरतो तो सगळ्यांचं आणतो, मग अंगणात वाटप. गुडघ्याची गुडघेवाल्यांना, खोकल्याची खोकलेवाल्यांना. एकदा खोकलेवाल्यांत बोकड बसवला होता. बरा झाला. त्यामुळे बाने गोळ्या स्वतःसकट बीपीवाल्यांत वाटल्या. आयला बीपी नाही, म्हणून आयला गोळी नाही. चोख न्याय.

चौथ्या दिवशी बीपीवाल्यांतली तुळजाकाकी शेळ्या मोजताना चक्कर येऊन बसली. इकडे चुलीपाशी आय धापा टाकत होती. मी नाडी धरली. एकशे बेचाळीस. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या आधी ओरडल्या, मग म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता गोळी दे. बाकीच्यांच्या बंद कर."

अंगणात घोंगडीवर बैठक भरली होती. विषय : तुळजाकाकीला नजर कुणाची लागली.

"माज्या गोळ्या काडा," आय म्हणाली.

"तुला बीपी नाय गो," बा म्हणाला.

"मी जळले तवा तुमी पेटलात? जाळ माजा, गोळी माजी."

"वाटप झालंय. वाड्याची रीत हाय."

"रीत माज्या छातीवर हात ठेवून सांगा."

सगळ्यांसमोर बाची पंचाईत झाली. त्याने छातीऐवजी तिचं मनगट धरलं. धरलं आणि लगेच सोडलं, तापल्या तव्यासारखं.

"आता वाटलेलं परत मागून वाड्यात तोंड कसं दाखवू?"

"तोंड नका दाखवू. हात दाखवा. त्यात माज्या गोळ्या हायत."

होत्या. बाने दुसऱ्या हाताची मूठ उघडली. मग एकेकाने खिसे, कनवटी, पानाच्या चंच्या उघडल्या.

आयने एक गोळी तिथेच गिळली आणि घोंगडीच्या मधोमध बसली. आमच्याकडे घोंगडी झटकल्याशिवाय बैठक उठत नाही, आणि घोंगडीवर आय. पुरुष दोन तास बसून राहिले. कुणाच्या गाई परतल्या, कुणाचा भात करपला. मी मध्येमध्ये नाडी मोजत होते.

"एकशे सोळा," मी म्हणाले.

आयने बाच्या दिशेने मान वळवली.

"हां, आता बोला. रीत काय म्हनत होती?"