शिवकुमारच्या मापाचा खड्डा

चनबसप्पा आयुष्यभर एका जागी बसला नाही. मेल्यावर मात्र बसवला गेला. त्यांच्या लिंगायतांत जाळत नाहीत, आणि पुरतानाही आडवं निजवत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात. तळहातावर लिंग, अंगाला विभूती, बेलाची पानं, मग मीठ आणि माती. कुंभारी गावच्या शेतात बांधाकडेला चनबसप्पा असा बसला आणि त्याच्या डोक्यावर दगडी नंदी बसला. काशम्मा दर सोमवारी जाऊन नवऱ्याला घरच्या बातम्या सांगायची. तो मधे बोलत नसल्यानं संसार पहिल्यापेक्षा बरा चालला होता.

मग काशम्मा लेकीकडे अक्कलकोटला गेली, आणि तिच्या धाकट्या दिरानं, शिवकुमारनं, आपल्या वाट्याच्या रानात प्लॉट पाडले. समाधी त्याच वाट्यात होती. काशम्मा परत आली तेव्हा समाधीच्या जागी मुरमाचा सपाट रस्ता होता आणि नंदी सोलापुरात, सात रस्ता चौकातल्या ऑफिसात, शिवकुमारच्या टेबलावर. शिंगांच्या मधे व्हिजिटिंग कार्डं खोचलेली.

"वैनी, दादा खालीच हायत की," शिवकुमार म्हणाला. "कुटं गेलेत? वरनं रस्ता गेला एवढंच. रस्त्याला दादाचंच नाव देतो."

"म्हंजे त्यांच्या डोक्यावरनं ट्रॅक्टर जानार."

"सावकाश जातील. गतिरोधक टाकतो."

काशम्मा भांडली नाही. शिवकुमारला वाटलं, गतिरोधकावर समाधान झालं. ह्या बाईनं लग्नातला अपमान नातवाच्या बारशात फेडलेला होता, हे तो विसरला.

चार दिवसांनी तिनं त्याला जेवायला बोलावलं. शेंगापोळी केली होती. ओसरी नुकतीच सारवलेली. "पाय धुऊन ये रे शिवा," ती म्हणाली. शिवा पाय धुऊन आला. ओल्या सारवणावर टाचेपासून अंगठ्यापर्यंत पाऊल उमटलं, अगदी लक्ष्मीसारखं, फक्त आकारानं म्हशीच्या जवळ जाणारं. तो चौथी पोळी खात असताना काशम्मानं त्या पावलावर दोरी धरली आणि कापली.

कारण त्यांच्यात खड्डा मोजतात तो फुटपट्टीनं नाही. ज्याला बसवायचं त्याच्याच पावलानं मोजतात.

गावातले खड्डे भीमा खणायचा. काशम्मानं त्याला आपल्या वाट्यात नेलं, शिवकुमारच्या प्लॉटच्या कमानीला लागूनच, आणि दोरी हातात दिली.

"कुनाचा खड्डा, अव्वा?"

"माझाच समज."

भीमानं तिच्या पायाकडं बघितलं, मग दोरीकडं. "अव्वा, ह्या दोरीत तुमचे दीड पाय मावत्यात."

"म्हातारपणी पाय सुजत्यात. खण."

रविवारी शिवकुमार गिऱ्हाइकांची जीप घेऊन आला. कमानीशीच खड्डा. आत बसायला कोनाडा कोरलेला, तळाशी विभूतीचे पट्टे ओढलेले, काठावर बेलाची पानं आणि मिठाचं पोतं. पोत्यावर काशम्मा.

"ही पाण्याची टाकी का हो?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"न्हाय जी. समाधी."

"अरेरे. कोण गेलं?"

"अजून कोन न्हाय गेलं. ते काय, तुमाला प्लॉट दाखवत्यात."

शिवकुमार मोठ्यानं हसला. "वैनीची गंमत हो."

"पाय ठीव बगू," काशम्मा म्हणाली आणि दोरी जमिनीवर पसरली.

नाही म्हणावं तर गिऱ्हाइकं बघत होती. त्यानं चप्पल काढून पाय ठेवला. टाच इकडं, अंगठा तिकडं, तसूभर फरक नाही. शिवकुमारला सारवलेली ओसरी आठवली, मग शेंगापोळी आठवली आणि त्यानं पाय झटकन चपलेत घातला. गिऱ्हाइकं चहा प्यायला म्हणून जीपमध्ये बसली, ती सोलापुरातच जाऊन चहा प्यायली.

"वैनी, हे अशुभ हाय ओ! मापाचा खड्डा उघडा ठेवत नसत्यात."

"व्हय, भरावाच लागतो," काशम्मा म्हणाली. "पर तुजा दादा डांबराची वाट बघतोय. आदी त्याचं बगू."

जेसीबीवाला रस्ता उकरायला येईना. खाली कोण बसलंय ते आता सगळ्या गावाला माहीत झालं होतं. शिवकुमारनं स्वतः कुदळ मारली. मुरूम हातांनी उचलला, चौथरा बांधला. नंदी जीपमध्ये घालायला निघाला तर काशम्मा म्हणाली, "डोक्यावर आन." त्यानं सात रस्त्यापासून कुंभारीपर्यंत देव डोक्यावर आणला. ट्रॅफिक पोलिसानंसुद्धा वाट करून दिली. नंदी बसवताना त्याच्या शिंगातून एक व्हिजिटिंग कार्ड पडलं. काशम्मानं ते उचलून कनवटीला लावलं.

"झालं न्हवं, वैनी?" शिवकुमारच्या मानेला आता कॉलर सोसत नव्हती. "आता तेवढा खड्डा बुजवा की."

"माझ्या रानात हाय. तुला काय टोचतोय?"

आता काशम्मा दर सोमवारी आधी नवऱ्याला बातम्या सांगते आणि मग खड्ड्यातला पाचोळा झाडते. खड्ड्यावर पत्र्याचं झाकण आहे, झाकणावर शिवकुमारचं कार्ड चिकटवलंय, मोबाइल नंबरासकट. गावात शिवकुमार शिंकला की काशम्माकडून त्याच्या घरी विभूतीची पुडी येते.

परवा तो तापानं फणफणला होता. कांबळं पांघरून तसाच रानात आला. काशम्मा झाकण पुसत होती.

"वैनी, पाया पडतो. बुजवा की ओ आता."

"बुजवनार की रे, शिवा," काशम्मा मायेनं म्हणाली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. "मी कुटं घाई करतीय?"