चाकात राहिलेला स्ट्राटिस

मी एक जुनी ब्रेकची डिस्क आहे मित्रांनो, आणि हल्ली दफनभूमीत कामाला आहे. हसू नका. जेवणाच्या ताटाएवढी मी, मधे भोक, अंगभर गंज. आणि माझ्यावर एका म्हाताऱ्याचा दिवा जळतो. म्हातारा खाली निजलाय. मी इथे कशी आले ते ऐका, आणि पटलं नाही तर मला उचलून बघा. खोटं बोलणारी वस्तू इतकी जड नसते.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, मग लेथवर तासून दोन्ही गाल आरशासारखे केले. काम साधं. चाकाबरोबर गरगरायचं, आणि कुणी ब्रेक दाबला, पॅडनी दोन्हीकडून गाल धरले, की थांबायचं. काम नीट चाललं की माझी कुणाला आठवणही होत नाही. तीच आमची शाबासकी.

मला विकत आणलं स्ट्राटिसनं. स्मोकी बे या लहानशा किनारगावच्या समुद्रात चाळीस वर्षं जाळी टाकलेला ग्रीक कोळी. शेवटी शेवटी त्याचे हात थरथरायचे. कॉफीचा पेला बशीत खुळखुळ वाजायचा. त्या सकाळी घोळ मासे साफ करून तो थेट माझ्याकडे आला.

"अहो, आधी हात तरी धुवा! आणि गाडी त्या गॅरेजवाल्या मर्व्हकडे टाका की," बायको पागोना ओरडली.

"त्याला मी माझ्या बोटीला हात लावू दिला नाही, गाडीला लावू देईन?"

हात पँटला पुसले न पुसले, आणि त्यानं मला पुढच्या उजव्या चाकात, चालवणाऱ्याच्या पायाशीच बसवलं. बसताना माझ्या पाठीला काहीतरी टोचलं. सांगणार कशी? डिस्कला आवाज असतो तो फक्त किंचाळायला.

अकरा दिवसांनी स्ट्राटिस झोपेतच गेला.

पागोनानं काळे कपडे घातले ते कायमचे. दर शनिवारी ती, त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी करतात तसं, साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाचं भांडं शेजारच्या सीटवर ठेवून दफनभूमीला निघायची. चाळीस किलोमीटर रस्ता, दोरी ताणल्यासारखा सरळ. एकशेदहाच्या वेगानं आलेल्या गाडीला ब्रेक लावावा लागतो तो एकाच जागी, दफनभूमीच्या वळणावर.

सहा महिन्यांनी त्याच वळणावर तिच्या हातातलं स्टिअरिंग थरथरलं. खुळखुळ, खुळखुळ. तिनं ब्रेक सोडला, थांबलं. दाबला, पुन्हा सुरू.

ती हळूच म्हणाली, "आलात?"

मला कारण ठाऊक होतं. पाठीत टोचणाऱ्या त्या वस्तूमुळे मी केसभर वाकडी बसले होते. दर फेरीला माझ्या गालाची एकच जागा पॅडला घासायची, ब्रेक न दाबताही. हजारो किलोमीटर घासून ती जागा पातळ झाली, आणि आता पॅडची पकड सैल-घट्ट, सैल-घट्ट होत होती. गाडी हळू असली की जाणवत नाही, वेगात हात हलवते. हे सगळं ठाऊक होतं मित्रांनो. तरी तिचं ते "आलात?" ऐकलं, आणि माझी मलाच खात्री उरली नाही.

नाताळात गाडी शहरात गेली. तिथल्या एका मेकॅनिकनं मला काढून तासलं, परत बसवलं; माझ्या पाठीमागे काय आहे ते बघितलं नाही. थरथर गेली. पुढच्या शनिवारी पागोना त्या वळणावर तीनदा मागे जाऊन तीनदा ब्रेक मारून आली. काही नाही. गव्हाचं भांडं कबरीवर ठेवून ती परतली.

चार महिन्यांनी पुन्हा खुळखुळ. "गेला एकदाचा रुसवा!" म्हणत ती हसली, आणि त्या दिवसापासून वळणावर जास्तच वेगानं यायला लागली. थरथर जोरात व्हावी म्हणून.

मग एका शनिवारी, समोरून धान्याचा लांबलचक ट्रक येत असताना, तिनं ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"घ्या. आता तुम्हीच चालवा."

मी जन्मात पहिल्यांदा किंचाळले. ट्रकचा वारा आम्हाला चाटून गेला. गाडी खडीवरून घसरत कुंपणापासून दोन हातांवर थांबली. गहू सगळीकडे. ट्रकवाल्यानंच मर्व्हला फोन केला.

मर्व्ह आला, तिला पाणी पाजलं. "पागोना, मरायचं होतं तर आधी सांगायचंस. मी जरा बरा शर्ट घातला असता."

"मी नव्हते चालवत, मेल्या. ते चालवत होते."

मर्व्हनं तिला शेजारी बसवून स्वतः गाडी एकशेदहावर नेली, रस्ता मोकळा बघून ब्रेक दाबला. "हात थरथरतायत. मागच्या चाकांचं दुखणं असतं तर बूड थरथरलं असतं. हात, म्हणजे पुढची चाकं."

"हात, म्हणजे स्ट्राटिस," पागोना म्हणाली.

गॅरेजात त्यानं चाक काढलं आणि माझ्या गालाला काटेवालं माप टेकवून मला हळूहळू फिरवलं. काटा एका जागी हलला. पागोना उलट्या बादलीवर बसून छातीवर क्रूसाची खूण करत होती. "तासूनही थरथर परत आली म्हणतेस? मग रोग डिस्कमध्ये नाही, हिच्या पाठीमागे आहे," असं म्हणत मर्व्हनं मला उतरवलं, आणि मी जिथे टेकले होते तो गंजलेला तळ सुरीनं खरवडला. नाण्याएवढं काहीतरी टपकन पडलं. चपटं, पिवळट.

पागोनानं ते तळहातावर घेतलं, हुंगलं.

"घोळीचा खवला." तिनं तो अंगठ्यानं पुसला. "हात धुवा म्हटलं होतं मी." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. "म्हणजे इतके महिने मी माशाशी बोलत होते, मर्व्ह?"

"ठेवला कुणी होता? त्याच्याशीच बोलत होतीस." मर्व्हनं डोकं खाजवलं. "परत ठेवू का?"

तो थट्टा करत नव्हता. पागोनानं सीटवर सांडलेल्या गव्हाकडे पाहिलं.

"नको. त्यांनी मला ट्रकसमोर कधी नेलं नसतं."

मर्व्हनं तळ पुसून लखलखीत केला, नव्या डिस्क बसवल्या, नट समोरासमोरचे आळीपाळीनं सारखे आवळले. काटा जागचा हलला नाही. मी दोनदा झिजून फार पातळ झाले होते, म्हणून भंगारात निघाले. पागोनानं मला उचललं. "तिकडे कबरीवर वाऱ्यानं दिवा उडतो. ही उडायची नाही."

आता दर शनिवारी तिची गाडी वळणावर येते, ब्रेक लागतो, स्टिअरिंग गप्प. आणि नेमक्या त्याच क्षणी इथे माझ्यावर दिव्याची काच वाजते. खुळखुळ, खुळखुळ. गाडीच्या उघड्या खिडकीतून ऐकलेलं पागोनानं सांगितलं, म्हणून एकदा मर्व्ह स्वतः आला. त्यानं मला उचललं, दगड पुसला, माझी पाठ पुसली, सरळ ठेवलं, माप लावून पाहिलं. काटा स्थिर. वळणावर गाडी आली, आणि काच वाजली. मर्व्हनं टोपी काढली आणि तो निघून गेला.

तेव्हा मित्रांनो, ब्रेक थरथरला तर तो तसाच अंगवळणी पाडून घेऊ नका. आम्हाला नुसतं तासून परत बसवू नका. मागचा तळ बघा, खरवडा, पुसा. खवला निघाला तर सुटलात. नाही निघाला, तर दिव्यात तेल घाला.