अप्पांच्या गळ्यातला मोबाइल

आमचे अप्पा म्हणजे चालतं-फिरतं दुकान. घाटनांदूरच्या बाजारात त्यांचं खरं दुकान आहेच, पण अर्धा माल ते अंगावरच वागवतात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, एका खिशात पान-तंबाखूची चंची आणि अडकित्ता, दुसऱ्यात चष्मा. गळ्यात इष्टलिंग तर जन्मापासूनच. दोन हजार दोन साली त्यात मोबाइलची भर पडली. खिशात जागा उरली नव्हती, म्हणून तोही दोरी लावून लिंगाशेजारी गळ्यातच आला. माझी आई बसम्मा म्हणाली, "आता घंटा तेवढी ऱ्हायली बांधायची."

रेंज मात्र घरात कुठंच नव्हती. होती ती माळवदावर, पाण्याच्या टाकीपाशी, हातभर जागेत. तिथून वीतभर सरकलं की फोन मुका.

त्या सकाळी गेवराईहून फोन यायचा होता. तिथल्या शाळेतले राजेश्वर मास्तर आठवड्यापूर्वी मला बघून गेले होते. त्यांचा होकार आला होता. अडलं होतं ते माझ्यापायी. अप्पांनी चारदा विचारलं, "पसंत हाय का गं?" आणि मी चारही वेळा फरशीकडं बघत बसले. लाजेला काही अक्कल असते का? मनातून मी कधीच गेवराईला नांदायला गेले होते! पण अप्पांनी तिकडं कळवलं, "पोरगी बोलंना, जरा थांबा." मंडळी तरी किती थांबणार? आज नऊला शेवटचं विचारू, नाहीतर परळीची मुलगी बघायला निघू, असा त्यांचा निरोप होता.

आणि अप्पांची पूजा नेमकी त्याच वेळेला. पूजा चुकवायची नव्हती आणि रेंजही सोडायची नव्हती, म्हणून त्यांनी पाटच टाकीपाशी मांडला. डाव्या तळहातावर लिंग घेतलं की पूजा संपेपर्यंत अप्पा बोलत नाहीत, जग बुडालं तरी.

बरोबर नऊला त्यांच्या छातीवर मोबाइल वाजला.

अप्पांनी माझ्याकडं बघून डोळे वटारले. मी फोन काढायला गेले, तर त्याची दोरी लिंगाच्या दोरीत गुंतलेली. ओढली तर तळहातावरचं लिंग हलणार. मी गुडघ्यांवर बसले, बटण दाबलं आणि सरळ अप्पांच्या छातीला कान लावला.

"हॅलो, मी राजेश्वर. बूथवरून बोलतोय." मी कान आणखी घट्ट दाबला. "घरचे गाडीत बसलेत. शिवकन्येला मी पसंत हाय का, तेवढंच सांगा."

अप्पांनी मोकळ्या हाताच्या बोटानं पाटावरच्या भस्मात लिहिलं: 'तंबाखू?'

स्वतःच्या खिशात चंची असताना! मी कपाळाला हात लावला, पण विचारलं.

"न्हाई खात," तिकडून उत्तर आलं. "पण तुमी कोण?"

अप्पांनी भस्म पुसलं आणि पुन्हा लिहिलं: 'सांग.'

"मी शिवकन्या. पसंत हाय."

"जरा मोठ्यानं! ऐकू येत न्हाई!"

"पसंत हाय!"

शेजारच्या माळवदावर छबुबाई कुरडया वाळत घालत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "अगं, अजून मोठ्यानं! मलाबी अर्धंच आलं ऐकू!"

"पसंत हाय! लई पसंत हाय!"

खालच्या गल्लीत दोन सायकली थांबल्या. छबुबाईंनी पिठाच्या हातानंच टाळ्या पिटल्या. फोनमधून मास्तर ओरडताना ऐकू आले, "उतरा, उतरा! सगळे गाडीतून उतरा!" आणि रेंज गेली.

मला इतकं हसू येत होतं की उठवेना. मी तशीच कान लावून बसले. फोन बंद झाला होता, तरी कानाशी धडधड चालूच होती. ती अप्पांची होती.

अप्पांनी पूजा पुरी केली. लिंग जागेवर ठेवलं, गळ्यातल्या दोऱ्या एकेक करून सोडवल्या. डोळे पुसायला सगळे खिसे चाचपले. इतक्या सामानात रुमाल तेवढा नव्हता. मग माझ्याच ओढणीचं टोक घेतलं.

"एवढं वरडूनच सांगायचं हुतं," ते म्हणाले, "तर मोबाइल कशाला घेतला गं मी?"