बांधलेल्या होडीचे सत्तर तास

“हे असं कण्हणं रोजचंच का?” दुकानदाराने धक्क्यावरून वाकून विचारलं.

स्टार्टर दोनदा गुरगुरला होता आणि तिसऱ्या खेपेला नुसता ‘टक्’ करून गप्प बसला होता. मिस्त्रीने बॅटरीला मीटर लावला, आकडा वाचला आणि चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. पंचवीस वर्षांत कमावलेली त्याची खरी विद्या हीच. इंजिन उघडणारे धक्क्यावर आणखी चौघे होते. उघडल्यावर निकाल ठरेपर्यंत तोंड बंद ठेवणारा हा एकटा.

म्हणूनच तिथली कोणतीही होडी मिस्त्रीच्या ‘हं’शिवाय विकली जात नसे. सगळे त्याला तासमोजे म्हणत, कारण होडी किती वर्षांची हे तो कधी विचारत नसे. “वर्षं माणसांना. इंजिनाला तास,” तो म्हणे. अडीचशे तासांना तेल आणि फिल्टर, महिन्याला बॅटरीतल्या पाण्यावर एक नजर. हे पाळणाऱ्याचं इंजिन आठ-दहा हजार तास कुरकुरत नाही आणि बॅटरी चार-पाच वर्षं जाते. न पाळणाऱ्याला मिस्त्री चारचौघांत असा सोलून काढी, की तो पुढच्या खेपेला तेलाचा डबा काखोटीला मारूनच येई.

आजची होडी मात्र मित्राची होती. मित्र जाऊन चौदा महिने झाले होते. त्याची बायको आता कायमची लेकीकडे निघाली होती. घेणारे पूर्वीही दोघे येऊन गेले होते, पण ते भंगारवाले होते आणि तिने त्यांना धक्क्यावरूनच परत पाठवलं होतं. होडी चालती द्यायची, एवढंच तिचं म्हणणं. हा दुकानदार पलीकडच्या काठाला सामान पोचवायला होडी शोधत होता, म्हणजे अगदी मनासारखं गिऱ्हाईक.

“इंजिन ठणठणीत आहे बघा,” ती दुकानदाराला सांगत होती. “या भाऊजींनी सांगितल्यापासून एक दिवस चुकले नाही मी. सकाळी सहाला यायचं, दहा मिनिटं चालू करायचं, बंद करून घरी. ताप होता तेव्हासुद्धा शेजारणीचा हात धरून आले.”

“वा! आमची मोटारसुद्धा एवढी लाडात नाही वाढली,” दुकानदार म्हणाला.

मिस्त्रीचा हात मीटरवरच राहिला.

त्याने आपल्या गाडीतली बॅटरी आणून जोडली. इंजिन सुरू झालं, पण मागून निळसर पांढरा धूर निघाला आणि तो विरायचं नाव घेईना. त्याने तेलाची कांडी उपसून नाकाशी धरली. तेलाला डिझेलचा वास होता. मग त्याने तासांचा काटा बघितला: चार हजार दोनशे सत्तर. शेजारच्या फळीवर त्याच्याच अक्षरात शेवटच्या सर्व्हिसचा आकडा होता, चार हजार दोनशे. ती सर्व्हिस मित्र जायच्या आदल्या आठवड्यातली. बॅटरीही तेव्हाच नवी कोरी बसवली होती.

चारशेवीस सकाळी, दहा-दहा मिनिटं. सत्तर तास. हिशेब चोख जुळत होता आणि तो जुळल्याचं मिस्त्रीला काडीचंही समाधान झालं नाही.

बांधलेल्या होडीचं इंजिन रोज थोडा वेळ चालवणं म्हणजे ते हळूहळू मारणं, हे त्याने धक्क्यावर शंभरदा ओरडून सांगितलेलं. दहा मिनिटांत इंजिन धड तापत नाही. ओझं नसतं, डिझेल अर्धवट जळतं, सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात, मग तेल टिकत नाही. बॅटरीची गत तीच: सुरू करताना जेवढं ओढून घ्यायचं, तेवढंही दहा मिनिटांत परत भरत नाही. “खुर्चीत बसून धावतोस काय रे?” असं तो विचारायचा. एका म्हाताऱ्या मालकाची तर यापायीच त्याने किल्ली काढून घेतली होती.

आणि हेच त्याने वहिनीला करायला सांगितलं होतं. मित्र गेला त्या संध्याकाळी ती दारात उभी राहून म्हणाली होती, “भाऊजी, आता मी काय करू?” माणसं येत-जात होती, काही सुचत नव्हतं. तो म्हणाला, “होडीकडे बघा. रोज दहा मिनिटं इंजिन चालवा, बसू देऊ नका.” तिला हाताला काहीतरी काम द्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानंतर तो धक्क्याच्या या टोकाला फिरकलाच नाही. धक्क्यावर यायचाही नऊ वाजता, तोवर सहाला आलेली वहिनी कधीच घरी गेलेली असे.

“काय मिस्त्री, हं का?” दुकानदाराने विचारलं.

म्हणायला काय, सोपं होतं. इंजिन सुरू होतं. बॅटरी बदलायला सांगितली की सुटलं. तीन-चार महिन्यांनी तेल पिऊ लागेल तेव्हा नव्या मालकाच्या हाताला दोष जाईल. दुकानदाराला इंजिन काय कळतं, असं चौघे म्हणतीलच. वहिनी तोवर लेकीकडे पोचलेली असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्रीने ही मूठ आतल्या आत बरीच घट्ट आवळून पाहिली. मग इंजिन बंद केलं.

“नाही,” तो म्हणाला. “बॅटरी गेली. इंजिन उघडावं लागेल. लायनर, रिंगा, सगळं. होडी चांगली आहे.”

वहिनी हसली. “काहीतरीच काय भाऊजी! रोज चालवलंय मी.”

“रोज चालवलं म्हणूनच.”

“म्हणजे?”

त्याने सांगितलं. भराभर, खाली बघत, त्या संध्याकाळी आपणच तिला काय सांगितलं होतं त्याच्यासकट. शेजारच्या होडीत जाळी शिवणाऱ्या दोघांनी हात थांबवले. उद्यापर्यंत सगळ्या धक्क्याला कळणार, हे मिस्त्रीला दिसत होतं.

वहिनी त्याच्याकडे वळली.

“तुम्हाला ठाऊक होतं हे?”

“इंजिनाचं ठाऊक होतं. तुम्ही खरंच रोज याल, असं नव्हतं वाटलं.”

“दुसऱ्यांना शिव्या घालता. मला मात्र गोड बोललात.”

“घरात दुःख होतं, वहिनी.”

“मग दुःखात खरं सांगायचं नसतं का? ‘हात लावू नका’ म्हणाला असतात तर नसता लावला. चारशे वेळा सकाळी उठून मी त्यांचं इंजिन खराब करत होते, आणि मला वाटत होतं...” तिने वाक्य सोडून दिलं आणि पदर खांद्यावर नीट केला.

दुकानदार खाकरला. “मी सांगू का? माझ्याकडे एक इंजिन आहे, जुन्या होडीतलं. ती होडी कुजली, इंजिन धड आहे. ही होडी मला चालेल. पण हे इंजिन काढून घ्यावं लागेल.”

“होडी चालवणार ना? तोडणार नाही?” तिने विचारलं.

“तोडायला कशाला घेऊ, काकू? सामान काय डोक्यावरून नेऊ?”

“मग न्या,” ती म्हणाली. मिस्त्रीकडे तिने बघितलं नाही.

आठवड्याभरात मिस्त्रीला धक्क्यावरचा आपला भाव कळला. तेलाचा डबा घेऊन येणारा एक मालक लांबूनच ओरडला, “मिस्त्री, आज दहाच मिनिटं चालवलंय हां!” दोन होड्या त्याला न विचारता विकल्या गेल्या. त्याने दोन्ही खेपांना मान खाली घालून हातातला बोल्ट पुसला.

इंजिन काढायच्या दिवशी वहिनी आली होती. मिस्त्रीने नट सोडले, साखळी लावली आणि कप्पी ओढली. इंजिन हळूहळू वर आलं, थेंब थेंब तेल गाळत बाजूला गेलं आणि फळ्यांवर टेकलं. तेवढ्यात होडीचा मागचा भाग पाण्यातून चांगला वीतभर वर उचलला गेला. कायम पाण्याखाली असलेली शेवाळाची हिरवी, ओली पट्टी उघडी पडली.

“अशीच देणार का?” वहिनी म्हणाली.

तिने मिस्त्रीच्या पेटीतलं खरवडायचं पातं उचललं, धक्क्याच्या कडेला बसली आणि ती पट्टी खरवडायला लागली. हात पुरेना, तशी ती आणखी वाकली. मिस्त्रीने होडीचा दोर हाताला गुंडाळला आणि होडी तिच्याजवळ ओढून धरली.