मी उडी मारली नव्हती

मित्रांनो, मी काळी आहे, गोल आहे आणि वयाने तुमच्या आजीएवढी आहे. माझ्या दोन्ही बाजूंवर मिळून चाळीस मिनिटांचे पियानोवादन आहे. ते वाजवणाऱ्या गृहस्थांचे नाव जाणकार लोक आजही कानाच्या पाळीला हात लावून घेतात. लोक मला रेकॉर्ड म्हणतात, शाळेच्या पुस्तकात मला ध्वनिमुद्रिका म्हणतात. दुसरे नाव मला जास्त शोभते असे माझे प्रामाणिक मत आहे. थोडी गर्विष्ठ आहे मी, ते आधीच सांगून टाकते.

माझा जन्म फ्रान्समधल्या एका कारखान्यात झाला. गरम, मऊ गोळा दोन साच्यांमध्ये दाबला गेला आणि माझ्या अंगावर केसासारखी बारीक, गोल फिरत आत जाणारी खाच उमटली. सुई त्या खाचेतून चालू लागली की संगीत ऐकू येते. माझ्यातले संगीत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. त्या काळी तिकडचे काही चित्रकार वस्तूंच्या कडा न रेखता नुसता उजेड रंगवू लागले होते. काही संगीतकारांनीही तसेच केले. पाण्यावरचे ऊन, धुक्यातली घंटा असे काहीतरी ऐकता ऐकता डोळ्यांपुढे येते आणि नीट पाहायला जावे तर हलते. त्यातला पियानो घाईत नसतो. तो मध्येच रेंगाळतो आणि मध्येच चार पावले पुढे निघून जातो. पुढे जो घोटाळा झाला तो या रेंगाळण्यामुळेच झाला.

हैदराबादेत मला एका प्राध्यापकांनी आणले. ते गेल्यावर त्यांची पुस्तके विकली गेली आणि मी कोठी बाजाराच्या फुटपाथवर, इंजिनिअरिंगच्या जुन्या गाईडांखाली येऊन पडले. तिथून मला सुधीररावांनी उचलले. ते वीज खात्यात नकाशे काढायचे आणि विद्यानगरला राहायचे. घरी नेताच त्यांनी मला मऊ ओल्या फडक्याने पुसले, तेही खाचेच्या दिशेने, गोल गोल. आडवेतिडवे पुसणारे पुष्कळ भेटतात, पण असे पुसणारे मला पुन्हा कोणी भेटले नाही.

त्या घरात मी पंचवीस वर्षे राजकन्येच्या थाटात राहिले. सुधीररावांच्या पत्नी इंदुताई शाळेत गणित शिकवायच्या. रविवारी सकाळी त्या उत्तरपत्रिका तपासायला बसत आणि सुधीरराव मला लावत. सुधीरराव म्हणायचे, "नदीवर ऊन पडलंय बघ." इंदुताई मान वर न करता म्हणायच्या, "मला तर लांबच्या देवळातल्या घंटा ऐकू येतात. नदी कुठनं आली?" शेजारचे गृहस्थ एकदा दारातून डोकावून विचारून गेले, "पेटी रिपेअर करायलाय का कोणी?" मला तिघांचाही राग आला नाही. एकाच सुरात कोणाला नदी, कोणाला घंटा आणि कोणाला पेटीची दुरुस्ती ऐकू यावी, हे साध्यासुध्या रेकॉर्डचे काम नाही.

सुधीरराव काचीगुड्याच्या श्रवण मंडळाचे सभासद होते. निवृत्त वकील केशवराव यांच्या हॉलमध्ये दर रविवारी दहा-बारा मंडळी जमत, एखादी रेकॉर्ड लावत आणि चहा घेत. तिथे ख्याल ऐकायचे, ठुमरी ऐकायची, नाट्यपदे ऐकायची. ऐकताना प्रत्येकाने मांडीवर ताल धरायचा आणि समेला सगळ्यांचे हात एकदम पडायचे, ही तिथली रीत होती. सम म्हणजे तालाच्या फेऱ्यातली पहिली मात्रा, जिथे गाणारा आणि तबलजी बरोबर येऊन भेटतात. केशवरावांचा हात तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता, असे ते स्वतः सांगत आणि इतरही सांगत. अशा ठिकाणी मला न्यायची सुधीररावांची छाती होईना. "हसतील," असे ते म्हणत. मला त्याचे वाईट वाटे.

अडीच वर्षांपूर्वी सुधीरराव फार आजारी पडले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी इंदुताईंना सांगितले, "ती रेकॉर्ड मंडळाला दे. आवडो, न आवडो, एकदा सगळ्यांनी पूर्ण ऐकू दे." एवढीच त्यांची इच्छा होती. ते गेल्यावर तीन महिन्यांनी इंदुताई मला छातीशी धरून काचीगुड्याला घेऊन गेल्या.

मला लावले गेले. बारा जणांनी सवयीप्रमाणे मांडीवर बोटे मोजायला सुरुवात केली. केशवरावांनी सोळा मात्रा मोजून हात टाकला, तर तिथे काहीच नव्हते. पियानो अजून एका सुरावर रेंगाळत होता. त्यांनी पुन्हा मोजले आणि त्यांचा हात पुन्हा रिकाम्या जागी पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर सगळ्या हॉलने त्यांच्याकडे पाहिले. केशवरावांचा चेहरा लाल झाला.

"रेकॉर्ड उडी मारायलीय," ते म्हणाले.

वकिलांनी सांगितले म्हटल्यावर सगळ्यांना उड्या ऐकू येऊ लागल्या. फक्त केशवरावांच्या पत्नी पद्मावतीबाई हळूच म्हणाल्या, "भूप राग असल्यासारखा वाटतो, अन् धरायला गेलं की निसटतो." त्यांचे बोलणे कोणी ऐकले नाही. सुई उडत असेल तर वर वजन ठेवायचे, हा तिथला जुना इलाज होता. केशवरावांनी खणातून तांब्याचा एक जाड पैसा काढला आणि सुईच्या दांड्यावर ठेवला.

मित्रांनो, नीट चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर दगड ठेवला तर काय होईल? सुई माझ्या अंगात रुतली. आवाज घोगरा झाला. केशवरावांनी वैतागून दांडा उचलला, त्यांचा हात निसटला आणि माझ्या खाचांवर आडवा ओरखडा पडला. त्यांनी सुई पुन्हा ठेवली, तेव्हा मी खरोखरच एका जागी अडकून तेच चार सूर परत परत म्हणू लागले. केशवराव म्हणाले, "बघा. सांगितलं होतं की नाही?" माझ्या वेष्टणावर कागद चिकटला: खराब. मला खोक्यात टाकण्यात आले. इंदुताई चहा न घेता उठल्या. नवऱ्याची शेवटची वस्तू बारा जणांसमोर खराब ठरली, त्यानंतर त्या मंडळात आल्याच नाहीत.

दोन वर्षे मी त्या खोक्यात पडून होते. उपेक्षेचे मला एवढे काही नाही, पण जे मी केले नाही ते माझ्या नावावर लागले, हे मला फार झोंबले.

मग या उन्हाळ्यात हॉलला रंग द्यायचे ठरले आणि खराब रेकॉर्डचे खोके सोमवारी भंगारवाल्याला द्यायचे ठरले. पद्मावतीबाईंनी शनिवारी इंदुताईंना फोन केला. "ताई, तुमची रेकॉर्ड चाललीय. मी सांगितलं म्हणू नका."

रविवारी दहाला मंडळ भरलेले असताना इंदुताई दारात उभ्या राहिल्या. सगळे गडबडून उठले. त्या म्हणाल्या, "केशवराव, ह्यांची रेकॉर्ड खराब नव्हती. आज एकदा पूर्ण ऐकायची. मग वाटलं तर भंगारात द्या, मी स्वतः रिक्षात ठेवीन."

केशवराव म्हणाले, "ताई, परेशान होऊ नका. सगळ्यांनी ऐकलंय की. निकाल लागलाय त्याचा."

"मग हे अपील समजा," इंदुताई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला. "हेच वादन, हेच वाजवणारे. हात मांडीवर ठेवा आणि मोजा."

मोबाईल वाजू लागला. केशवरावांनी नाइलाजाने बोटे चालवली. त्यांनी सोळा मोजून हात टाकला, तर हात रिकाम्या जागी पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदाही तिथेच पडला, जिथे दोन वर्षांपूर्वी पडला होता.

इंदुताईंनी मुलांना विचारावे तसे शांतपणे विचारले, "फोनला कुठली सुई असते, केशवराव? ह्याच्यावर काय ठेवू?"

केशवराव आपल्या तळहाताकडे पाहू लागले. बियाण्यांचे व्यापारी प्रतापराव वातावरण सैल करायला म्हणाले, "हौ, मग फोनवरच ऐकून टाकू की. आवाज बी साफ हाय."

"ह्यांनी मंडळाला फोन नाही दिला," इंदुताई म्हणाल्या.

तेवढ्यात चहा आला. इंदुताईंनी एक अट घातली. प्रत्येकाने कपबशी दोन्ही हातांनी धरायची आणि बाजू संपेपर्यंत खाली ठेवायची नाही. हात मोकळे राहिले की ते मोजू लागतात, हे त्यांनी ओळखले होते. आयुष्यभर वर्ग सांभाळलेली बाई ती. बारा थोर माणसे शाळेतल्या मुलांसारखी कपबशा धरून बसली आणि पद्मावतीबाई तोंडाला पदर लावून हसू दाबत राहिल्या.

मला खोक्यातून काढले. इंदुताईंनी मला पुसले, तेही आडवेतिडवे नाही. सुई टेकली. दोन वर्षांनी अंगात सूर फिरला आणि मी सर्व अभिमान एकवटून वाजू लागले. पियानो रेंगाळला, पुढे गेला, थांबला. या वेळी कोणाचा हात कुठेही पडला नाही.

मग ओरखडा आला. मी अडकले. तेच चार सूर एकदा, दोनदा, तीनदा. मी लाजेने अर्धमेली झाले. इंदुताई उठायच्या आत केशवरावांनी कपबशी खाली ठेवली. ते पुढे आले, एका बोटाने दांडा हलकेच पुढे सरकवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हे रेकॉर्डचं नाही. हे माझ्या हातनं झालंय." ऐंशी वर्षांच्या माणसाला, तेही वकिलाला, हे म्हणणे सोपे नसते. मी त्यांना त्याच क्षणी माफ केले.

दोन्ही बाजू पूर्ण झाल्या. मग मंडळी बोलू लागली. पद्मावतीबाई म्हणाल्या की भूप पुन्हा निसटला, पण निसटताना गोड वाटला. प्रतापराव म्हणाले, "मला तर आमच्या शेतातल्या बोअरला पहिल्यांदा पाणी लागलं, ते आठवलं. आधी नुसती धूळ, मग थेंब थेंब." एकजण म्हणाला की त्याला काहीच दिसले नाही, फक्त चहा गार झाला. मी प्रत्येकाचे बोलणे मानाने ऐकून घेतले. माझ्या वेष्टणावरचा कागद पद्मावतीबाईंनी ओल्या बोटाने काढला. मला कपाटात, ख्यालांच्या रांगेत जागा मिळाली. ओरखडा मात्र आहे आणि राहणारच. तो गाजलेल्या माणसाच्या कपाळावरच्या खुणेसारखा आहे असे मी आता समजते.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तूला कडेने धरा, तिच्या दिशेने पुसा आणि तिचे वागणे कळले नाही तर लगेच तिच्यावर वजन ठेवू नका. मी तुम्हाला आवडलेच पाहिजे असेही नाही. शेवटपर्यंत ऐका, म्हणजे झाले.

कारण केशवरावांना मी आवडले नाही. त्या दिवशी इंदुताई निघताना ते त्यांना म्हणाले, "खरं सांगू का, ताई? पहिली बाजू ठीक. दुसरी बाजू अगदी कंटाळवाणी आहे."

मला राग यायला हवा होता. पण इंदुताईंचा चेहरा उजळला. "ह्यांचंही हेच म्हणणं होतं," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मी ह्यांना सांगत आले की खरी गंमत दुसऱ्याच बाजूत आहे. पण ऐकतील तर शपथ."

"सुधीरचं बरोबर होतं," केशवराव म्हणाले.

"अजिबात नाही," इंदुताई म्हणाल्या आणि पायातल्या चपला काढून परत आत येऊन बसल्या. सुधीरराव गेल्यापासून लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलत, त्यांच्या म्हणण्याला मान डोलवत. त्या दिवशी दुपारी एक वाजेपर्यंत त्या सुधीररावांच्या आवडीनिवडीवरून केशवरावांशी कडाडून भांडल्या. दोन वर्षांत असे भांडायला त्यांना कोणी मिळालेच नव्हते.