हिलरीचा अर्धा वाटा

हिलरी गेल्याचा फोन आला तेव्हा क्लाइव्ह बटाटे सोलत होता. फोनवर तिची थोरली बहीण होती, बेरिल.

"डोक्यात रक्तस्राव झाला. सकाळीच. तुला आधी कळवतेय. अजून नवराच आहेस ना तू तिचा, कागदावर."

कागदावर तो होताच. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात दोघांनी उभं आयुष्य मासे-चिप्सचं दुकान चालवलं. ते विकलं आणि रिकामपणी दोघांचं पटेनासं झालं. कोर्टानं घटस्फोटाला पहिली मंजुरी दिली होती. पण वाटणी पक्की होईपर्यंत शेवटचा हुकूम मागू नका, असं हिलरीच्या वकिलानं तिला बजावलं होतं. मधेच क्लाइव्हचं काही बरंवाईट झालं तर हिलरी उघड्यावर पडायला नको. काळजी सगळी त्याच्या मरणाची. ती आधी जाईल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

दफन उरकल्यावर तो आपल्या वकीलबाईंकडे गेला.

"घर आता तुमच्या एकट्याचं," मिसेस फेअरक्लफ म्हणाल्या. "दोघांच्या नावावर होतं. एक गेला की मागे राहील त्याचं."

"पण अर्धं तिचं ठरलं होतं."

"ठरलं होतं. कोर्टाचा शिक्का बसला नव्हता."

क्लाइव्हला नवल वाटलं. याच खुर्चीत बसून तो भांडला होता. घर माझ्या आईचं, उकळत्या तेलापुढे मी उभा राहिलो, मग हिला अर्धं कसलं? तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "आणि गल्ल्यावर कोण बसायचं? घरी गेल्यावर स्वयंपाक कोण करायचं? राहतं घर दोघांचं असतं, मिस्टर ऑर्मरॉड. कायदा कढई आणि चूल वेगळी मोजत नाही." बरेच दिवस धुसफुसून त्याला ते पटलं होतं. मग पटलेली गोष्ट एका मरणानं खोटी कशी झाली?

"मला तिचा वाटा द्यायचाच असला तर?"

"देता येईल. सक्ती नाही. पण कुणाला?"

ते त्याला माहीत नव्हतं. म्हणून तो समुद्रकाठच्या मोरकॅमला बेरिलकडे गेला. ती दुसऱ्या मजल्यावर राहायची. दार उघडायला तिला बराच वेळ लागला.

"तिचा अर्धा वाटा मला द्यायचाय. हिलरी त्या पैशांचं काय करणार होती?"

"आता विचारतोस? जिवंत होती तेव्हा जीभ कुठे ठेवली होतीस?" बेरिलनं किटली चढवली आणि खिडकीतून समोर बोट दाखवलं. "तो तळमजल्याचा फ्लॅट. आम्ही दोघी राहणार होतो. माझ्या गुडघ्यांना जिने नकोत, आणि तिला ती खाडी हवी होती."

"तिथून पाणी दिसतं?"

"ओहोटीला नुसता चिखल. तिला तोच आवडायचा."

"चिखल? का?"

"तळणाचा वास येत नाही म्हणायची."

क्लाइव्ह हसला. कित्येक दिवसांनी. इतकी वर्षं शेजारी उभं राहून हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"माझी दया आली म्हणून देऊ नकोस," बेरिल म्हणाली. "तिचं म्हणून द्यायचं असेल तर दे."

"तिचंच आहे."

वकीलबाईंनी अर्धा वाटा बेरिलला देण्याचा कागद तयार करून पाठवला. तो स्वयंपाकघरात किटलीशेजारी पडून आहे. सही केली की हिलरीशी उरलेला शेवटचा व्यवहारही संपेल. क्लाइव्हनं अजून सही केलेली नाही, आणि बेरिल अजून जिने चढते आहे.